बंद रेडिओ सेल खातो तेव्हा

इंदापूरला स्टँडमागं एक रेडिओवाला हाय, त्याच्या दुकानात मी रोज टेकतो. सेल लवकर संपत्यात म्हणून कुणी आलं, की हा करंट मोजायचा मीटर लावायच्या आधी गिऱ्हाइकालाच झापतो. काल निरवांगीचे आबा त्यानंच दुरुस्त केलेला ट्रान्झिस्टर परत घेऊन आले.

"चालू ठिवून झोपता, आबा," हा म्हणला. आमी सगळे हसलो.

आबा पुटपुटले, "म्हातारीबी तेच म्हणती. रेडिओ काढून घेणार हाय."

मग यानं आवाजाचं बटण पार बंद करून मीटर लावला; रेडिओ गप झाला, तरी काटा हलला, म्हंजी सेल जातच हुता. मागच्या दुरुस्तीत सोल्डर मारताना यानंच बटणाच्या दोन तारा चिकटवल्या हुत्या. गुपचूप सोडवल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण त्यानं मीटर आमच्याकडं फिरवला, कान लाल. आमाला वर बघवंना.

"आबा, चूक माझी. म्हातारीला सांगाया मी येतो, चला."