कपाट इलेक्ट्रॉनिक्स

हे मी सांगायचं नव्हतं. रूथने आम्हा तिघींना सोल्डर गनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. (गन गार आहे हे मी आधी बघून घेतलं होतं.) पण किस्स्यांचं आमच्या रेझिस्टरांसारखं आहे. एखादा उरतो म्हणून बिस्किटाच्या डब्यात टाकायचा, पुन्हा एखादा उरतो, आणि एक दिवस डब्याचं झाकणच बसत नाही.

आम्ही तिघी म्हणजे नववीतला इलेक्ट्रॉनिक्सचा गट. रूथ बोलते. कोमल बेलापूर गावची, शाळेसाठी इथे सावेडीत मावशीकडे राहते, ती जोडाजोडी करते. मी वृंदा, केडगावहून येते. मी डिझाईन काढते आणि बाकी वेळ बघत बसते. चारचौघांत मला बोलता येत नाही. पण मी गप्प बसले म्हणजे मान्य केलं, असं कुणी समजू नये.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट आमचं. त्याची किल्ली कोमलच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. पुढचं सगळं भांडण त्या किल्लीचं आहे.

*

सर्किटचा बोर्ड, म्हणजे तांब्याच्या रेषांची ती पट्टी, आम्ही आधी घरीच करायचो. डिझाईन चकचकीत कागदावर उलटं छापायचं, आरशात दिसतं तसं. तो कागद तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालायचा आणि वरून इस्त्री फिरवायची. शाई पत्र्यावर उतरते आणि सुलट होते. मग पत्रा फेरिक क्लोराईडमध्ये बुडवायचा. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं.

हे प्लास्टिकच्या भांड्यात करायचं असतं. कोमलने एकदा मावशीची स्टीलची वाटी आणली. तांबं विरघळायच्या आत वाटीला भोक पडलं! सगळं केमिकल टेबलावर. तपकिरी डाग पसरत चाललेला, आणि नेमके विज्ञानाचे देठे सर आत आले.

"हे काय आहे?"

"वाटी हुती, सर," कोमल म्हणाली.

सरांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "हे घरगुती उद्योग बंद! बोर्ड फॅक्टरीतून करून आणा. विज्ञान प्रदर्शनाच्या आधी टाकीची घंटा वाजली तर कपाट तुमचं. नाही वाजली तर किल्ली माझ्या टेबलावर, आणि कपाटात क्रिकेटचं सामान."

टाकीची घंटा हा आमचा प्रकल्प. शाळेची टाकी भरून वाहते, पाणी भिंतीवरून खाली येतं, तरी मोटार बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. टाकी भरली की आमच्या सर्किटने घंटा वाजवायची, एवढंच.

सर गेल्यावर कोमलने गळ्यातला दोरा मुठीत धरला. "किल्ली आमच्याकडंच ऱ्हाणार," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मूठ सुटली नाही.

*

सरांच्या ओळखीचे एक काका एमआयडीसीत बोर्ड बनवतात. "तिथेच द्या, मी शब्द टाकलाय," सर म्हणाले. आम्ही रिक्षाने गेलो.

काकांनी विचारलं, "किती नग?"

"पाच," रूथ म्हणाली.

"पाच हजार?"

"पाच."

"पाचशे तरी?"

"काका, टाकी एकच आहे!"

काका खूप हसले. चहा मागवला. मग आमच्या पाठीमागे दाराकडे बघत म्हणाले, "आणि गटातली मुलं कुठायत? ज्याने डिझाईन काढलं त्याला पाठवा की."

रूथने माझ्याकडे बोट केलं. मी फरशी बघत होते.

"ही? ही तर बोलतच नाही!"

"म्हणून तर हिच्या रेषा सरळ येतात," रूथ म्हणाली आणि चहा न पिता उठली. कोमलने मात्र आमच्या दोघींचाही चहा संपवला. "चहानं काय केलंय?" तिचं म्हणणं.

*

मग आम्ही शाळेच्या कॉम्प्युटरवर शोधायला बसलो. परदेशातली एक मोठी कंपनी पाच बोर्डसुद्धा करून देत होती. फॉर्म भरायला घेतला, तर कंपनीचं नाव टाकल्याशिवाय पुढे जाईना.

"आपली कंपनी कुठली?" रूथ म्हणाली.

कोमलने समोर बघितलं आणि म्हणाली, "कपाट."

टाकलं! कपाट इलेक्ट्रॉनिक्स. मालक रूथ, खरेदी विभाग कोमल, आणि तपासणी विभाग मी. फॉर्ममध्ये फोन नंबर हवा होता, म्हणून माझ्या आईचा दिला. दुसऱ्या दिवसापासून इंग्रजीत मेल येऊ लागले: प्रिय कपाट, तुमच्या धंद्याची भरभराट होवो!

आम्हाला कोणीतरी पहिल्यांदाच 'प्रिय' म्हटलं होतं. रूथने त्याचं प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

*

आता तीन जण झाले. सरांचे काका, परदेशातली कंपनी आणि पुण्यातलं एक छोटं युनिट. निवडायचं कुणाला? तिघांच्या वेबसाईटवर एकच वाक्य, की आम्ही सर्वोत्तम आहोत.

माझी आई ब्लाऊज शिवते. संध्याकाळी ती हातशिलाई करत होती. मी विचारलं, "आई, नवा शिंपी चांगला आहे हे कसं ओळखायचं?"

"का गं, मला सोडून जातेस का?"

"सांग ना."

आईने दाताने दोरा तोडला. "कापड बघून जो लगेच 'होऊन जाईल' म्हणतो, तो बिघडवतो. जो चार प्रश्न विचारून डोकं खातो, त्याच्याकडे कापड ठेवून यावं."

मी त्या दिवशी डिझाईनमध्ये मुद्दाम एक चूक घातली. कोपऱ्यातल्या स्क्रूचं भोक बरोबर तांब्याच्या रेषेवर आणून ठेवलं. भोक पाडलं की रेष तुटणार. नीट बघणाऱ्याला ते दिसायलाच हवं. आणि फाईल तिघांनाही पाठवली, फक्त दराची विचारणा म्हणून.

"ही वरून गरीब दिसती," कोमल रूथला म्हणाली, "पन लई आतल्या गाठीची हाय."

*

परदेशातून दोन मिनिटांत उत्तर आलं. प्रिय कपाट, फाईल उत्तम आहे!

सरांच्या काकांचा आवाजी मेसेज आला. "होऊन जाईल बेटा, टेन्शन नका घेऊ."

पुण्याहून दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी आईचा फोन वाजला. आईच्या तोंडात टाचण्या होत्या, तिने फोन माझ्या हातात दिला.

"कपाट इलेक्ट्रॉनिक्स का? तपासणी विभागाशी बोलायचंय," एक बाई म्हणाल्या.

"बोलतेय," मी म्हणाले.

"एक भोक रेषेवर आलंय. मुद्दाम आहे का?"

मला नाचावंसं वाटलं. "हो. मुद्दाम."

"बरं. आणि दुसरं विचारायचं होतं. तुमचं अख्खं डिझाईन उलटं आहे. अक्षरंसुद्धा. आरशात बघितल्यासारखं. तेही मुद्दाम का?"

इस्त्री! वर्षभर उलटं छापायची सवय, तशीच उलटी फाईल मी तिघांना पाठवली होती. तसा बोर्ड आला असता तर एकही आयसी, म्हणजे चिप, बसली नसती. प्रदर्शन गेलं असतं, आणि किल्लीही.

"नाही," मी म्हणाले. "पहिली चूक मुद्दाम होती. ही खरी आहे."

बाई एकदम हसल्या. "म्हणजे परीक्षा आमची, आणि नापास तुम्ही!"

*

बोर्ड पुण्याला द्यायचं ठरलं, हे सरांना सांगायला गेलो. सर म्हणाले, "निर्णय झालाय. बोर्ड एमआयडीसीतच करायचा. ते वीस वर्षं या धंद्यात आहेत."

रूथने माझ्याकडे बघितलं. कोमलने माझ्याकडे बघितलं. मी फरशी बघितली. मग मला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"सर, फाईल उलटी होती. त्यांनी एक तरी प्रश्न विचारला का?"

"वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाने नववीतल्या मुलीला काय विचारायचं?"

"हेच, सर. फाईल उलटी का आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठीक आहे. करा तुमच्या मनासारखं. पण घंटा वाजली नाही, तर कुणाला दोष द्यायचा नाही."

"नाही देणार," मी म्हणाले.

*

बोर्ड आले. हिरवेगार! कोमलने दोन दिवसांत पार्ट जोडले. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी टाकीवर बसवायचं ठरलं. क्रिकेटची किट सरांनी आदल्या दिवशीच प्रयोगशाळेत आणवून कपाटाला टेकवून ठेवली होती. कोमलने ती ढकलून दोन हात लांब केली.

चौथा तास चालू होता. नानांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, मोटार लावली. आम्ही जिन्यात उभ्या. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. कोमल दोरा चावत होती.

आणि घंटा वाजली! अशी वाजली, अशी वाजली, की अख्खी पाचवी दप्तरं घेऊन गेटाकडे पळत सुटली!

नाना मैदानात ओरडत होते, "आरं थांबा! शाळा न्हाई सुटली, टाकी भरली!"

*

पण खरा किस्सा यानंतरचा, आणि शपथ आहे ती याचीच.

सुलट केलेली फाईल पुण्याला पाठवली, तेव्हा बाईंचा पुन्हा फोन आला होता. "बाकी सगळं छान. पण मागच्या बाजूची एक ओळ अजून उलटीच आहे."

"ती मुद्दाम आहे," मी म्हणाले.

"थांबा, वाचते." मग बाई म्हणाल्या, "ही मी स्वतः उभी राहून छापून घेते."

घंटा वाजली त्या दुपारी देठे सर प्रयोगशाळेत आले. पाचवीला गेटातून परत आणून दमले होते. उरलेल्या चार बोर्डांतला एक त्यांनी उचलला, पुढून बघितला, मागून बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"सापडली! शेवटी चूक राहिलीच ना? ही ओळ उलटी छापलीय!"

"आरशात सुलट दिसेल, सर," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे बघितलं, कोमलच्या गळ्याकडे बघितलं आणि बोर्ड घेऊन ते तडक स्टाफरूमच्या बेसिनकडे गेले, तिथे आरसा आहे. आम्ही तिघी दाराबाहेर, एकमेकींचे हात धरून. आतून सरांचा आवाज आला, पहिलीतल्या मुलासारखा, एकेक अक्षर जोडत, "किल्ली... आमच्या... कडंच..." आणि मग सर एकदम—

"वृंदा! अगं, मापाची फीत कुठे ठेवलीस? गिऱ्हाईक कधीचं उभं आहे!"

आईची हाक आली, आता बाकीचं शपथेतच राहू दे.