चर्चमधली साथसंगत

त्या म्हातारीला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच काउंटरवर. गावातल्या एकुलत्या एका केमिस्टकडे मी फार्मसिस्ट होते. मी गोळ्या मोजत असताना ती म्हणाली, "तुझ्या आधीच्या मुलीचे हात भराभर चालायचे." रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. मला असा संताप आला म्हणून सांगू. पुढे कळलं की बाई सगळ्यांशीच अशी बोलते, म्हणून तिला कुणी घरी बोलावत नाही, आणि तिचं त्यावाचून काही अडतही नाही.

गाव नॉर्वेच्या लोकांनी वसवलेलं. तिकडच्या एका डोंगराळ भागातल्या कुटुंबांना इथलं जंगल तोडायला आणलं होतं. त्यांनी झाडं पाडली आणि त्याच लाकडाचं लुथरन चर्च बांधलं, आपापल्या खेड्यात असतं तसंच. पांढरं, टोकदार मनोऱ्याचं. आत वेदीपुढे अर्धगोल कठडा. उरलेला अर्धा गोल म्हणे पलीकडे मेलेल्यांसाठी असतो. बायका डावीकडे बसणार, पुरुष उजवीकडे. नॉर्वेत ही पद्धत कधीच मोडली होती, इथे म्हातारीने ती चालू ठेवली होती. मी एकदा नवऱ्याशेजारी बसले तर तिने सगळ्यांदेखत मला उठवलं. चर्चची किल्ली तिच्याकडे, घरही चर्चला लागून.

लोअर हटसारखं शहर सोडून आम्ही या गावात आलो ते नवऱ्याच्या दूध पावडरच्या कारखान्यातल्या नोकरीपायी. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनाही, म्हणजे आमच्या बाबांना, पुण्याहून आणलं. बाबांनी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी कीर्तनकारांच्या मागे बसून पेटी वाजवली. इथे उद्योग काय, तर खिडकीतून मेंढ्या बघायच्या. एक दिवस जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत, मोजे घालून फिरायला गेले आणि आले ते खुशीत. चर्चमध्ये पायाने भाता मारायची पेटी, म्हणजे इथला ऑर्गन, होती. वाजवणारी बाई शहरात मुलीकडे राहायला गेल्यापासून ती नुसतीच पडून होती. म्हातारीने बाबांना बसवून वाजवायला लावलं, ऐकलं आणि म्हणाली, "वाईट वाजवता. रविवारी दहाला या."

बाबा जायला लागले. एरवी चर्चमध्ये ऑर्गन पुढे चालतो आणि लोक त्याच्या मागून गातात. बाबांना हेच मुळी पटेना. "पेटीवाल्याने गाणाऱ्याच्या पुढे जायचं? भलतंच काय," म्हणायचे. म्हातारी तिच्या आजीकडून आलेल्या जुन्या वळणाने गायची, सूर लांबवत, मध्येच हेलकावे घेत. आधीची बाई म्हणे यावरून तिच्याशी भांडायची. बाबा मुकाट तिच्या मागे मागे जायचे. चुकले की ती पाय आपटायची आणि बाबा घरी येऊन ते कौतुकाने सांगायचे. नवरा नाक मुरडायचा. मला मात्र बरं वाटायचं, माणूस जेवायला लागला होता.

वर्षभराने बाबा मला एकटीला गाठून म्हणाले, "ती विसरतेय." गाताना मध्येच तिची ओळ हरवायची. मग बाबा तिची मागची ओळ हलकेच पुन्हा वाजवायचे आणि तिला पुढचं सापडायचं. बाकीचे आपले गातच असायचे, त्यांना पत्ता नसे. कीर्तनात बुवा अडले की पेटीवाला हेच करतो. मलाही संशय होताच. सकाळी नेलेलं औषध मागायला ती दुपारी परत यायची.

हे बाहेर फुटलं असतं तर तिचं संपलंच होतं. तिला एक पुतण्या होता, गायींचा मोठा फार्म असलेला, चर्चच्या कमिटीचा प्रमुख. म्हातारीला आता एकटीला झेपत नाही, शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात हलवायला हवं, असं तो गावभर सांगत सुटला होता. पण तिची जीभ इतकी तिखट होती की त्याचं कुणाला खरं वाटत नव्हतं. बाबांना तिने बजावलं होतं, "या घरातून मला आडवीच बाहेर काढायची." बाबा दर रविवारी डोळ्यात तेल घालून तिला सांभाळायचे.

मग वरून ठरलं की माणसंच उरली नाहीत तर चर्च बंद करावं. शेवटच्या प्रार्थनेला बिशप येणार होते, त्या डोंगराळ भागातून पाहुणे येणार होते. पुतण्याला शहरातला ऑर्गनवाला आणायचा होता. म्हातारीने सांगितलं, हाच पेटीवाला वाजवेल, नाहीतर किल्ली मिळणार नाही. आणि शेवटचं गाणं ती जुन्या भाषेत गाणार होती. एकटी.

त्या दिवशी चर्च कधी नव्हे ते गच्च भरलं. पुतण्याने तिच्यापुढे माइक लावला. पहिलं कडवं तिने असं गायलं की नॉर्वेच्या पाहुण्यांतली एक बाई डोळे पुसायला लागली. दुसऱ्या कडव्यात ती थांबली.

बाबांनी मागची ओळ दिली. तिने उचलली नाही. बाबांनी पुन्हा दिली. दुसरा कुणी असता तर कडवं वाजवून मोकळा झाला असता, लोकांना वाटलं असतं की गाणं संपलं. पण गाणाऱ्याला टाकून पुढे जायचं नसतं, हे बाबांच्या हाडात मुरलेलं. ते तीच ओळ देत राहिले, आणि प्रत्येक वेळी सगळं चर्च नव्याने तिच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिलं. बाबांची आमच्याकडे पाठ होती. बाबा, पुढे जा हो, असं ओरडावंसं वाटत होतं. शेवटी म्हातारी माइकमध्ये स्पष्ट म्हणाली, "ही सगळी माणसं कोण आहेत?" पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं.

नंतर हॉलमध्ये कॉफी आणि क्रीम केक होता. म्हातारीला कुणीतरी गाडीत नेऊन बसवलं होतं. पुतण्या बाबांकडे आला, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "थँक्स हीप्स, मेट, फार उपकार झाले. मी केव्हापासून सांगत होतो, कुणी ऐकतच नव्हतं." मेल्याने हे अगदी मनापासून म्हटलं. बाबा केकची बशी हातात धरून तसेच उभे राहिले. घरी येताना नवरा म्हणाला, "कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी?" मी त्याला चांगलंच झापलं.

महिना उलटायच्या आत म्हातारीला वृद्धाश्रमात नेलं. तिथली औषधं आमच्याच दुकानातून जायची. मी ती पोचवून आले की बाबा विचारायचे, कशी आहे? एकदा त्यांना बरोबर घेऊन गेले. नर्सने आधीच सांगून ठेवलं की त्या कुणाला ओळखत नाहीत, काल पुतण्यालाच कोण तुम्ही म्हणाल्या.

बाबा दारात हात जोडून उभे राहिले. म्हातारीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नर्सला म्हणाली, "हा पेटीवाला. यानेच मला इथे आणून टाकलं. बाहेर काढा याला."

नर्स आमच्यामागे धावत आली. "मनावर घेऊ नका, त्यांना काय बोलतो ते कळत नाही," म्हणाली. बाबांनी तिला थँक यू म्हटलं.

गाडीत बसल्यावर ते पट्टा लावायचं विसरले, मीच लावला. "डोकं शाबूत आहे तिचं," ते म्हणाले.

"बाबा, ती आजारी आहे हो."

"आजारी माणूस इतकं बरोबर बोलत नाही," बाबा म्हणाले.