अंबाडा आणि हेडरेस्ट

गॅरेज मागे पडलं तरी घर बरंच लांब होतं. सासूबाईंना दवाखान्यातून घरी सोडून, गाडी सर्व्हिसिंगला टाकून आम्ही दोघी जावा पायी निघालो होतो.

"ताई, हळू चाला ना. मागे पोलीस लागलेत का?"

मी मुद्दामच भरभर चालत होते. सकाळी सासूबाई कंगवा घेऊन हिच्या दाराशी उभ्या होत्या, ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

त्यांना दवाखान्यात नेण्याचं काम इतकी वर्षं माझं. सीटवरच्या हेडरेस्टमुळे त्यांच्या अंबाड्याला टोचायचं, मान पुढे ढकलली जायची. "काढ गं तो ठोकळा," त्या म्हणाल्या. मी काढून डिकीत टाकला. त्या खूश, मी खूश. मग धाकटी आली. सीटकव्हर शिवणाऱ्या दुकानात कामाला, तिथे मालकालाही टोकणारी. गाडी हातात आल्या दिवशी तिने ठोकळा परत बसवला आणि सासूबाईंच्या डोक्याइतका वर ओढला.

"आई, मागून कुणी ठोकलं तर डोकं झटक्यात मागे जातं. मानेची वाट लागेल. डोकं याच्या अगदी जवळ हवं."

"आणि माझा अंबाडा?"

"सोडायचा. वेणी घालते मी."

मला वाटलं, आता हिची खैर नाही. त्या आजारी असताना मी नुसतं तेल लावते म्हटलं, तर माझा हात झटकला होता. आणि हिच्यापुढे बसल्या की मान खाली घालून, शाळेतल्या मुलीसारख्या! तेव्हापासून दर खेपेला वेणी, हेडरेस्ट आणि दोघींचं खिदळणं. देवापुढे डोळे मिटले तरी मला ती वेणीच दिसते.

चौकात धाकटी थांबली. "सोमवारपासून माझी सकाळची पाळी आहे. आईंना तुम्हालाच न्यावं लागेल."

"नेईन. आधी कोण नेत होतं?"

"पण ठोकळा काढायचा नाही हं. त्या डोळे वटारतील, तरी नाही."

"मग अंबाडा सोडायला तूच सांग. माझ्याकडून नाही त्या वेणी घालून घ्यायच्या." माझा आवाज भलताच बारीक निघाला.

माझ्या हातातली पिशवी ओढून तिने आपल्या खांद्याला लावली.

"सोमवारी मी त्यांची वेणी अर्धीच घालते आणि उशीर झाला म्हणून पळते. उरलेली तुम्ही घाला ना, ताई."