व्हॅनिलाच्या फुलाला लागली वातीची बोटं

"वैनी, व्हॅनिलाला कळ्या आल्या! मह्या उजव्या हाताला प्लास्टर हाय. फुलवाती वळणाऱ्या तुमच्या बोटांचंच काम हाय, या!" नांदेडहून धाकट्या नणंदेचा, सुमनचा फोन आला आणि मी लातूरहून निघालेच. तीन वर्षं जपलेला वेल पहिल्यांदाच फुलणार होता. या फुलांना शेंग धरली नाही, तर वेल उपटून जरबेरा लावणार, असं तिच्या नवऱ्यानं बजावलं होतं.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा घरच्या दशम्या काढल्या, हॉटेलचा खर्च वाचला. नांदेडात गुरुद्वाऱ्यात माथा टेकून लंगरात जेवले. तुम्ही गेलात तर हे चुकवू नका.

सकाळी सुमनच्या पॉलीहाऊसात, प्लास्टिकच्या छपराखालच्या बागेत, शिरले. बाहेर चटके, आत फवाऱ्यांचं धुकं! ऑर्किडं मातीशिवाय, नारळाच्या सोडणावर लटकलेली. अँथुरियमची फुलं मेणानं सारवल्यासारखी. घटपर्णीच्या पानाला सुगडासारखं भांडं, त्यात किडे पडतात आणि झाड ते खातं.

"अगं बाई, झाड हाय का राक्षस!"

"वैनी, बोटं सांभाळा, मला लागणार हायेत ती!"

व्हॅनिलाची दोनच फुलं उमलली होती, फिकट पोपटी. ती दुपारी मिटतात. त्यांचं लगीन लावणारी माशी आपल्याकडं नाही, म्हणून काडीनं आतला पडदा उचलून पराग हातानंच दाबायचा.

वात वळताना दुधाचं बोट लावतो ना, तसं सवयीनं मी पानावरच्या पाण्यात बोट भिजवलं आणि फुलाला लावलं.

"वैनी! काय करून राहिल्या? पराग भिजला की!"

पराग चिकट होऊन बोटालाच आला. सुमनचा चेहरा उतरला. मी पदराला बोटं कोरडी पुसली, देवाचं नाव घेतलं, दुसऱ्या फुलाचा पडदा उचलला आणि अंगठ्यानं हलकेच दाबलं.

"बसला का गं?"

"बसला वाटतंय. उद्या गळलं न्हाई म्हंजे धरलं."

संध्याकाळच्या गाडीनं लातूर गाठलं. आइस्क्रीमच्या त्या वासामागं एवढी नाजूक खटपट असते, हे कुणाला ठाऊक! दुसऱ्या दिवशी पूजेत लक्ष लागेना. शेवटी फोन वाजला.

"वैनी, एक गळलं. दुसरं सुकलंय, पण वेलाला घट्ट धरून हाय, म्हंजे शेंग धरली!"

मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "कळ्या लई हायेत. वैनींना इचार, कधी येता?"

देवापुढं साखर ठेवली आणि यांना सांगितलं, "आठवडाभर भाकरी तुमच्या तुम्ही थापा."