जावयाच्या अंगणातला नळ

सभा रंगात आली की कवुथा उठायची, अंगावरचा लेसो, म्हणजे रंगीत सुती कापड, डोक्यावरून पुढे ओढायची आणि चालू लागायची. मिस्त्री मुस्यिमी खडकाकडून येताना दिसला रे दिसला की बाई गायब. पाण्याच्या कामासाठी शहरातून आलेल्या स्वयंसेवकांनी हे दोन-तीनदा पाहिलं आणि निष्कर्ष काढला, की बायकांच्या गटाच्या प्रमुखालाच हे काम नको आहे.

कवुथाला काम नको! कितुई जिल्ह्याच्या त्या कोरड्या भागात असं कुणी बोललं असतं तर लोक पोट धरधरून हसले असते. ती जन्मली दुष्काळात आणि विधवा झाली ऐन तरुणपणी. दिरांनी तिला सरकवत सरकवत पार कडेच्या मुरमाड तुकड्यावर आणून सोडलं. तिने त्यावर बांध घातले, मका घेतला, तूर घेतली. मग चार बायका गोळा केल्या आणि आळीपाळीने एकमेकींच्या रानात बांध घालायचा गट उभा केला. कोरड्या नदीच्या वाळूत खड्डे खणून पाणी काढता काढता तिची कंबर गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. गावामागच्या उघड्या खडकावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी भिंत घालून अडवावं आणि खाली टाकीत घ्यावं, हे ती कित्येक वर्षं गावच्या सरकारी मुखियाच्या, चीफच्या, कानीकपाळी ओरडत होती. स्वयंसेवक आले ते तिच्याच ओरडण्याने.

घोळ झाला तो टाकीच्या जागेपायी. उतार पाहता सगळ्यात चांगली जागा निघाली मुस्यिमीच्या अंगणात. नळही तिथेच येणार. सगळं गाव माना डोलावून मोकळं झालं. मुस्यिमी हा कवुथाचा जावई, आणि सासू-जावयाने एकमेकांचं तोंड पाहायचं नसतं, हे परक्या पोरांना सांगायचं कुणाला सुचलंच नाही. त्यात सांगायचं काय? सूर्य कुठे उगवतो ते कुणी पाहुण्यांना सांगत बसतं का? थोडक्यात, जिने हे पाणी मागून आणलं, तिचाच पाण्याचा कॅन तेवढा नदीच्या खड्ड्यावर जाणार होता.

शेवटी अकिन्यी तिच्या घरी आली. ती स्वयंसेवकांची म्होरकी, दूरच्या सरोवराकडची, दुसऱ्या जमातीची पोरगी, बोलायला गोड. कवुथाने आधी तिच्यापुढे मका-घेवड्याचं वाडगं ठेवलं आणि ते रिकामं होईपर्यंत तिला तोंड उघडू दिलं नाही.

"आई, रागावू नका," अकिन्यी म्हणाली, "पण तुम्ही दर वेळी उठून जाता. तुमचं मन नसेल तर आपण दुसरी प्रमुख निवडू या."

 गट म्हणजे कवुथाची सगळी कमाई. पण ती जायची भीती चेहऱ्यावर दाखवेल तर ती कवुथा कसली.

"तो मिस्त्री माझा कोण लागतो, ठाऊक आहे तुला?"

"कोण?"

"जावई."

अकिन्यीने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या लोकांत जावई सासूच्या घरी रात्र काढत नाही, त्यामुळे तिला पुढचं समजावावं लागलं नाही. उलट तिनेच विचारलं, बकरा देऊन, जेवण घालून ही बंदी सोडवून घेता येते ना?

"येते की. बकरासुद्धा बांधून ठेवलाय मेल्यानं. मीच नको म्हणते." कवुथाने रिकामं वाडगं उचलून बाजूला ठेवलं. "नवरा गेल्यावर पाठीवर पाणी घेऊन मी या वाटेनं यायचे, तर एक बाप्या बाजूला व्हायचा नाही. मीच काट्यात उतरायचे. लेक दिली त्या वर्षी हा समोरनं आला. मला पाहिलं आणि सरळ बाभळीत शिरला. शर्ट टराटरा फाटला, तरी मी लांब जाईपर्यंत बाहेर आला नाही. माझ्यासाठी वाट सोडणारा पहिला पुरुष, पोरी. ते मी एका बकऱ्यावर विकू?"

"मग तुमचं पाणी?"

"नदी काय पळून गेलीय?"

पुढची सभा अकिन्यीने चीफच्या पुरुषभर उंच कणगीभोवती भरवली, म्हणजे पलीकडचं तोंड दिसायला नको. बायका अलीकडे, बाप्ये पलीकडे, मधे ती स्वतः. सासू-जावई प्रथमच कामाचं बोलले, तेही तिला मधे घालून.

"त्या मिस्त्रीला सांग," कवुथा म्हणाली, "खडकावरची सगळी घाण पहिल्या सरीबरोबर टाकीत येईल."

पलीकडून आवाज आला, "आईंना सांगा, पहिलं पाणी बाहेर सोडायची सोय केली आहे."

"मग मला का नाही सांगितलं, विचार."

"आईंना सांगा, भेटतात कुठे त्या?"

दोन्हीकडे हशा पिकला. कवुथाही हसली, लेसो तोंडावर धरून. हसणं ओसरल्यावर पलीकडचा आवाज खाली आला. "आईंना हेही सांगा, टाकी मी कुंपणावरच बांधतोय. एक नळ माझ्या अंगणात, दुसरा पाठीमागे, वाटेवर. मागच्या बाजूला मी पाऊल टाकणार नाही."

अकिन्यी निरोप सांगायला वळली, पण कवुथाने हातानेच तिला थांबवलं. ऐकू आलं होतं.  तिने उठून वाळू कोण आणणार, दगड कोण फोडणार ते भराभर वाटून दिलं, आणि सगळ्यात जड काम स्वतःकडे घेतलं.

नोव्हेंबरच्या पावसात टाकी काठोकाठ भरली. समारंभाला राजधानीहून एक साहेब आले. वाटेवरच्या नळापाशी फोटो काढायचा तर प्रमुख बाई तेवढ्या हजर, मिस्त्रीचा पत्ता नाही. साहेबांनी हळूच विचारलं, की तुमचं दोघांचं काही बिनसलं आहे का?

कवुथा ताठ उभी राहिली आणि कुंपणापलीकडे नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लेक दिल्यापासून त्यानं मला एकदाही तोंड दाखवलं नाही, साहेब. असा जावई आहे का हो तुमच्या घरी?"