तिनं पाणी घालू दिलं

बायको काशीच्या दवाखान्यात शेवटाला आली होती. तिच्या उशाशी एक शिकाऊ डॉक्टर पोरगी असायची. नाव विचारायचं मला सुचलं नाही. विचारात पडली की पेनाचं टोपण चावायची. मी सकाळपासून गंगेचा गडू घेऊन बसलेलो, पण ती एक थेंब घालू देईना. "बाबा, साँस की नली में चला जाएगा."

मी भडकलो. "अगं, जीव आहे तोवरच घालायचं असतं. तुला डॉक्टर कुणी केलं?"

"अभी बनी कहाँ हूँ, बाबा. पाँच साल से सीख ही रही हूँ."

दुपारी तिनं हिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. दाराकडे पाहिलं. मग हिचं डोकं हलकेच उचलून म्हणाली, "अब पिलाइए."

मी चमच्यानं पाणी घातलं. नंतर मोठा डॉक्टर आला आणि बायको गेल्याचं सांगून निघून गेला.

घाटावर बसलो की तेच डोक्यात फिरतं. जीव होता म्हणून घालू दिलं, की आता काही बिघडणार नव्हतं म्हणून? पोरीला गाठून विचारावं असं ठरवून दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. तिनं खरं सांगितलं तर काय करायचं ते कळेना, तसाच परत आलो.