साचेखात्यातलं ध्यान

संपाला वर्ष उलटून गेलं तेव्हा डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत मनःशांती आली. धान्य आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आणणारी माणसं वेगळी. मनःशांती आणली दादरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने. कडक इस्त्रीचा झब्बा, दोरीला लटकवलेला चष्मा, आणि आपल्यामुळे गिरणगाव सुधारणार याची चेहऱ्यावर खात्री.

माझ्या वडिलांना शांततेची गरज होती, हे मात्र खरं. सव्वीस वर्षं ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते. साचे थांबले आणि त्यांचं ब्लडप्रेशर चढलं. "डोकं शांत ठेवा, नाहीतर एखाद दिवशी अर्धं अंग जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून आईने त्यांना दंडाला धरून चाळीच्या व्यायामशाळेत नेलं. मागोमाग मी.

दहा-बारा विणकर चटयांवर बसले. साहेबांनी डोळे मिटायला लावले आणि आवाज साजूक तुपासारखा केला. "श्वास आत... श्वास बाहेर..."

साच्यांच्या गदारोळात आयुष्य काढलेला माणूस कानाने फारसं ऐकत नाही, समोरच्याचे ओठ वाचतो. डोळे मिटले तेव्हाच या मंडळींचा साहेबांशी संबंध संपला होता. वीस मिनिटांनी साहेब म्हणाले, "हळूहळू डोळे उघडा." एकही पापणी हलेना. दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेबांचे डोळे पाणावले.

"पाहिलंस?" ते मला म्हणाले. "आमच्याकडच्या शिकलेल्यांना ही अवस्था वर्षभरात येत नाही!"

शेवटी आईने वडिलांचा गुडघा हलवला. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि खात्यातल्या सवयीने ओरडून विचारलं, "ध्यान सुरू झाला काय?"

घरी मात्र ते नेमाने बसू लागले. सकाळी सातला, भिंतीकडे तोंड करून. आधी अर्धा तास, मग तास, मग दोन. तेवढा वेळ आई स्टोव्हला पंपसुद्धा मारायची नाही. त्यांना ऐकू कुठे येतंय, असं मी म्हटलं तर मलाच दटावणी. साहेबांच्या भाषणांत तोवर 'माझे एक कामगार साधक' येऊ लागले होते.

महिन्याने डॉक्टरांनी प्रेशर मोजलं तर पहिल्यापेक्षा जास्त. "ध्यानात नक्की करता काय?" त्यांनी ओरडून विचारलं.

"डोळे मिटले काय साचे सुरू होतत," वडील म्हणाले. "सगळी लाईन. दोन नंबरच्या साच्याचो पट्टो सैल आसा. त्याच्याकडे बघूक होया."

सव्वीस वर्षांचा आवाज कानात राहिला होता. इतर वेळी चाळीतलं काही ना काही बघण्यात तो बुडायचा. माझे वडील भिंतीकडे तोंड करून रोज पहिली पाळी भरत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब घरी आले. हकीकत ऐकून ओरडले, "अनाहत नाद! मी एकोणीस वर्षं बसतोय, मला पंख्याशिवाय काही ऐकू आलं नाही!" अर्धं अंग जायची भीती असलेल्या माणसाचा त्यांना चक्क हेवा वाटत होता. "आता थांबू नका. दोनाचे तीन तास करा. मीही शेजारी बसत जाईन."

आईने चटई गुंडाळून त्यांच्या हातात दिली. "साहेब, तुमका ता ऐकूचा आसात, तर गिरणी चालू करा."

मग तिने वडिलांसमोर तांदळाचं ताट ठेवलं. "डोळे उघडे ठेवा आणि खडे काढा."

"काय म्हणालो तो?" वडिलांनी तिच्या ओठांकडे बघत विचारलं.

"काय नाय. खडे बघा."

आमचे तांदूळ लवकर संपायचे, म्हणून तिने शेजाऱ्यांचेही आणले. पुढच्या खेपेला प्रेशर उतरलेलं होतं. हे साहेबांना सांगायला दादरला कोणी गेलं नाही.